बोरखडीचा पाचवा

विश्रांतवाडीच्या पुढे, आता जिथे सात-सात मजली इमारती एकमेकींच्या गॅलऱ्यांत डोकावत उभ्या आहेत, तिथे बोरखडी नावाचं गाव होतं. गावाच्या चावडीच्या भिंतीत एक पांढरा दगड बसवला होता. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने तो पाठवलेला. त्यावर कोरलं होतं, या गावातून एकतीस माणसे लढाईस गेली, त्यांपैकी चार मेली. बस्स. नावं नाहीत. साहेबाने निदान माणसं मोजली, यातच गावाने समाधान मानलं.

पण मोजता गावालाही येत होतं. परत आले सव्वीस, मेले चार. मग एकतिसावा कुठे गेला? न आलेल्यांची घरं होती पाच आणि दगड म्हणत होता चार. म्हणजे पाचांतला एक कुठेतरी जिवंत होता, आणि तो आपलाच, असं पाचही घरं धरून चालली होती.

सरकारी कागद आले नव्हते असं नाही. ते नेमके मानमोडीच्या साथीत आले. पाटील त्या साथीत गेला आणि लोकांनी त्याच्या अंथरुणाबरोबर दप्तरही जाळून टाकलं. पुढे पुण्याहून एक कारकून नावं वाचून दाखवायला आला, तर न आलेल्यांच्या पाची बायकांनी त्याच्या तोंडावर दारं लावून घेतली. नाव कानावर पडलं नाही म्हणजे कुंकू पुसायला नको. कारकून चहा पिऊन परत गेला. पाचीजणी कपाळभर कुंकू लावून म्हाताऱ्या झाल्या. त्यांतली बायडाबाई अठ्ठावन्न साली वारली, तेव्हा तिला हिरवं लुगडं नेसवून, ओटी भरून नेली. तिचा चुडा फोडा म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

मथुराबाई ही या बायडाबाईची एकुलती एक लेक. बाप गेनबा बोटीवर चढला तेव्हा ती आईच्या पोटात होती. बाप म्हणून तिच्या वाट्याला एकच गोष्ट आली होती. त्याच्या डाव्या कानाची पाळी फाटलेली होती, कुस्तीत बाळी ओढली गेल्यामुळे. आईने ही खूण तिला इतक्या वेळा सांगितली, की पोर चालायला लागली तीच लोकांचे कान बघत.

लग्नही गावातच झालं. नवरा मवाळ होता, शेत चार वाफ्यांचं होतं. मथुराबाई सकाळच्या बसने पाटी घेऊन शनिवार पेठेत यायची आणि दारोदार मेथी-कोथिंबीर विकायची. तीस वर्षं विकली. पेठेतल्या बायकांना वाटायचं, बाई भाजी विकायला येते. खरं म्हणजे ती म्हातारे बघायला यायची. ओट्यावर पेपर वाचणारे, ओंकारेश्वराला निघालेले, दवाखान्याच्या बाकावर ताटकळणारे, एकाचाही डावा कान तिने सोडला नाही. बाप सत्तरीचा झाला असेल, पंच्याहत्तरीचा झाला असेल, असं ती दर दिवाळीला मनाशी म्हणायची. लोक हसायचे. हसोत बापडे, ज्यांचे बाप ओसरीवर खोकत बसलेले असतात त्यांना हसायला काय जातं!

पासष्टच्या लढाईनंतर गावच्या गुरुजींना देशभक्तीचं भरतं आलं. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की दगडाला हार घालायचा आणि चार वीरांच्या वारसांना नारळ द्यायचा, असं त्यांनी ठरवलं. पहिल्या वर्षी गुरुजी भाषण करून घामाघूम झाले आणि म्हणाले, "वारसांनी पुढे यावं." पाचही घरं समोर बसली होती. कुणी जागचं हललं नाही. नारळ घ्यायचा म्हणजे आपला माणूस मेला असं कबूल करायचं. तेव्हापासून दर वर्षी चार नारळ दगडापुढे ठेवले जात आणि दुसऱ्या दिवशी मारुतीच्या देवळात जात.

पेठेत श्रीधरपंत म्हणून एक गिऱ्हाईक होतं. लष्कराच्या कुठल्याशा कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले, जुन्या कागदांचं वेड असलेले आणि जिभेला धार असलेले. एकदा मेथीची जुडी उलटीपालटी करता करता ते म्हणाले, "आपण रोज माझे कान तपासता. मळ आहे का?"

मथुराबाईने पाटी खाली ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. पंतांनी मध्ये एकही खोचक शब्द टाकला नाही, याचं त्यांच्या बायकोलाही नवल वाटलं. पुढच्या रविवारी ते बोरखडीत हजर झाले, दगड वाचला, पाच घरांची नावं उतरवून घेतली. मग दोन वर्षं त्यांनी अर्जांवर अर्ज केले. ते गावभर झालं आणि बोरखडीत पुन्हा श्वास रोखले गेले. मथुराबाईची शेजारीण मैना, पाचांतल्या भैरूची लेक, लहानपणापासूनची जोडीण, तिला अर्धांगाचा झटका येऊन डावं अंग गेलं होतं. जीभ शाबूत होती. मथुराबाई बसमधून उतरून आली की खाटेवरून हाक यायची, "मथे, कागूद आला का गं?"

एक्क्याऐंशीच्या जानेवारीत कागद आला. पंतांनी मथुराबाईला घरात बोलावून बसायला पाट दिला.

"नावं मिळाली," ते म्हणाले. "चार मेलेले. त्यांत भैरू आहे. आपले वडील नाहीत."

मथुराबाईने दोन्ही हात जोडले. पंत घाईने पुढे बोलले, जणू थांबलं तर बोलवणार नाही.

"जखमी म्हणून एकोणीस साली त्यांना सोडलं. मुंबईहून ते मनमाडला गेले. तिथेच राहिले, तिथेच पेन्शन घेत. अठ्ठेचाळीस साली वारले. कागदावर बायकोचं नाव आहे." त्यांनी कागद खाली ठेवला. "ते बायडाबाई नाही."

आतून पंतांच्या बायकोने पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

"मनमाड लई लांब हाय का वो?"

"सकाळी निघालं तर संध्याकाळच्या आत पोचतं माणूस."

तिला बापाचा असा राग आला, की आयुष्यात कुणाचा आला नव्हता. आईच्या अंगावरचं ते हिरवं लुगडं आठवलं आणि राग आणखी वाढला. आणि तरीही, एवढं सगळं ऐकूनही, त्याला एकदा बघायला मिळालं असतं तर बरं झालं असतं, असंच तिला वाटत होतं. याचा तिला सगळ्यांत जास्त राग आला.

उठताना ती म्हणाली, "पंत, ती चार नावं वाचू नगा. मैना मरंल."

"बाई, कागद स्पष्ट आहे. इतिहासात असं चालत नाही."

"इतिहासात नगा चालू देऊ. बोरखडीत चालू द्या."

सव्वीस जानेवारीला चावडीपुढे सारा गाव लोटला. मैनाला तिच्या मुलाने खुर्चीत घालून आणलं होतं. गुरुजींचं भाषण झालं, आता पंत यादी वाचणार म्हणून लोक पुढे सरकले. पंतांनी कागद उघडला आणि ते चष्मा काढून पुसत बसले. तेवढ्यात मथुराबाई उठली. सरळ दगडापर्यंत चालत गेली, चारांतला एक नारळ उचलून तिने पदरात घेतला.

"गेनबा माझा बाप," ती मोठ्याने म्हणाली. "लढाईत मेला. कागदावर हाय."

गुरुजींनी पंतांकडे पाहिलं. "आणि बाकीची तीन?"

आयुष्यात कुणाला शुद्धलेखनाचीही चूक माफ न केलेल्या श्रीधरपंतांनी कागदाची घडी घातली. "शाई उडाली आहे," ते म्हणाले. "एवढं एकच नाव लागतं."

चार घरं आपापल्या जागी बसून राहिली. त्यांच्या डोळ्यांत काय आलं ते मथुराबाईने पाहिलं आणि ती मैनाजवळ येऊन जमिनीवर बसली. मैना रडत होती. चालत्या हाताने तिने मथुराबाईचं डोकं जवळ ओढलं आणि थोपटत म्हणाली,

"उगी मथे, उगी. आता माझाच असंल गं त्यो. आला की आधी तुज्याच डोस्क्यावर हात ठिवायला लावते. माझ्याआधी."

तेव्हा मथुराबाई चावडीपुढे धाय मोकलून रडली. गावाला वाटलं, बाईला आज कुठे बाप गेल्याचं कळलं.