आबांचा आवाज आणि माझी साफसफाई

बसा हो, चहा सांडेल. तो आवाज तुम्हाला नव्हता. आतून कुणीतरी हळूच ‘गाढवा, कुटं मेलास?’ म्हणालं आणि तुम्ही सगळे माझ्याकडे बघायला लागलात. तुमचं काही चुकलं नाही. पण ही हाक मलाही नव्हती! मग कुणाला? ते कळायचं असेल तर मी घातलेला घोळ पहिल्यापासून ऐकावा लागेल. आधीच बजावतो, मध्ये हसू येईल, आणि हसून झाल्यावर तुमचं तुम्हालाच कसंतरी होईल. आमचं रोज होतं.

माझं नाव प्रबुद्ध. ठेवताना आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बराच विचार केला असणार. पण मी जसजसा मोठा होत गेलो तसतसं त्या नावानं हाक मारणं त्यांना जड जायला लागलं. त्यामुळे घरात मी गाढव. आनंदात गाढव, रागात गाढव, पदवीचा निकाल लागला त्या दिवशी ‘पास झालं आमचं गाढव’.

आबा रेल्वेत होते, खंडाळ्याच्या घाटात, रुळांवर. गाडी येताना दिसली की काम करणाऱ्या माणसांना ओरडून बाजूला करायचं. बोगद्यात, धुक्यात, इंजिनाच्या आवाजाच्या वर आवाज चढवून. तो आवाज इथे कुरवंड्यात घरी आल्यावर काही लहान व्हायचा नाही. आबांनी मीठ मागितलं तर शेजारची बाई उठून मीठ शोधायची.

मग घशात गाठ निघाली. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव राहील, आवाज जाईल.

“थोडा तरी ऱ्हाईल का?” आबांनी विचारलं. एखाद्या दुकानदाराला विचारावं तसं.

डॉक्टरांनी नाही म्हणून मान हलवली.

त्या हॉस्पिटलात निखिल नावाचा एक इंजिनिअर होता. त्यानं एक प्रोग्राम तयार केला होता. ऑपरेशनच्या आधी रोजचे शब्द आपल्या आवाजात भरून ठेवायचे. नंतर पडद्यावरचा चौकोन दाबला की आपलाच आवाज बोलतो. आमच्या घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर त्यानं तो घालून दिला आणि आबा माइकसमोर बसले. व्हय. न्हाई. पानी. दुखतंय. टीवी बंद कर. घाटातला गडी, माइक तीनदा हलला असेल.

निखिल म्हणाला, घरातल्यांची नावंही भरा. इथे आबा अडले. कारण लग्न झाल्यापासून त्यांनी आईला नावानं हाक मारलेलीच नव्हती. ‘अगं’ किंवा ‘ऐकलं का’, बस. निखिलनं समजावलं, रात्री-अपरात्री काही झालं तर नावच लागेल. आबांनी आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं आणि एकच शब्द भरला. सुमन.

ऑपरेशन झालं. घरी आल्यावर आबांनी पहिला तोच चौकोन दाबला. इतकं हळू! या माणसाला इतकं हळू बोलता येतं हे आम्हाला त्याचा आवाज गेल्यावर कळलं. आई स्वयंपाकघराच्या दारात आली, “आले” म्हणाली, आणि परत आत जाऊन बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तेव्हापासून रोज सकाळी चहाच्या आधी आमच्या घरात एक हाक असायची. सुमन. आणि आई दारात यायची.

आता माझ्याकडे वळू.

मी कचऱ्याच्या विरोधात आहे. तुम्ही हसताय, पण सोमवारी सकाळी या आणि ड्यूक्स नोजच्या कड्याकडे जाणारी वाट बघा. शनिवार-रविवारी लोक निसर्ग बघायला येतात आणि बाटल्या, प्लेटा, चिक्कीचे कागद ठेवून जातात. आम्ही पोरं गोण्या भरभरून खाली आणतो. शाळाशाळांतून मी भाषणं देतो. ‘जे लागत नाही ते उचला, आजच उचला, पुरतं उचला!’ टाळ्या पडतात. टाळ्यांनी माणूस बिघडतो.

एकदा ही नजर आमच्या कॉम्प्युटरवर पडली. चालू व्हायला त्याला सकाळ लागायची. मधूनच जाहिराती उड्या मारायच्या; एकीनं तर आबांना बक्षिसात मोटार लागल्याचं कळवलं होतं. आबा ‘पानी’ दाबायचे, मग उठून स्वतः पाणी प्यायचे, तांब्या जागेवर ठेवायचे, आणि तेव्हा कॉम्प्युटर म्हणायचा, ‘पानी’. इथपर्यंत गंमत होती. एके दिवशी त्यांनी ‘दुखतंय’ दाबलं आणि पडद्यावरचं चक्र नुसतं फिरत राहिलं. आवाज आला तोवर आईनं त्यांचा चेहरा बघून गोळी आणूनसुद्धा दिली होती. माझं डोकं सणकलं.

नवा घ्यायचा? आणि चालू कॉम्प्युटर भंगारात? मी? कचरामुक्तीवाला? छे. याच कॉम्प्युटरला आंघोळ घालायचं ठरलं. सगळं पुसायचं, कोरा करायचा, आणि लागतं तेवढंच परत भरायचं.

आईनं विचारलं, “ह्यांचं त्ये बोलायचं जानार न्हाई ना रं?”

मी तिला भाषण दिलं. मग पेनड्राइव्ह लावला आणि पडद्यावरची चित्रं एकेक करून त्यात ओढली. मराठी टायपिंग, वीजबिलाचं, आणि शेवटी आबांचं, खाली नाव लिहिलेलं, ‘माझा आवाज’. डोळ्याची पापणी लवायच्या आत सगळं आलं. इतक्या लवकर? मला वाटलं, वा, निखिलनं प्रोग्राम सुटसुटीत बनवलाय. चित्राच्या कोपऱ्यात एक बारीक बाण होता. तो मी पाहिला होता, हे लपवत नाही. मला वाटलं, नक्षी असेल.

आणि मी काही एवढा बेजबाबदार नाही. पेनड्राइव्हमधूनच ‘माझा आवाज’ उघडून बघितलं. उघडलं! आबांना म्हटलं, दाबा काहीही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बोट जरा घोटाळलं, आणि एक चौकोन दाबला. तो त्यांनी खास माझ्यासाठी भरलेला होता, कारण मला ते हेच सगळ्यात जास्त म्हणत आले होते.

“कर तुला काय करायचं त्ये.”

त्या आवाजाचे हे शेवटचे शब्द.

पुसताना कॉम्प्युटरनं दोन मार्ग दिले. एक झटपट. दुसरा पूर्ण सफाईचा, ज्याला तासन्‌तास लागतील, पण नंतर कुणालाही काहीही परत काढता येणार नाही. मी कोण? बस दोन मिनिटं थांबली तर उतरून चालायला लागणारा. पण अर्धवट सफाई माझ्या तत्त्वात बसत नाही. मी पूर्ण सफाई निवडली आणि दिवसभर पडद्यावरचे आकडे बघत शांत बसून राहिलो. आयुष्यात एकदाच धीर धरला, तो तिथे.

संध्याकाळी कॉम्प्युटर कसा लख्ख! बटण दाबलं की हजर. मी आई-आबांना समोर बसवलं, पेनड्राइव्ह लावला, ‘माझा आवाज’ दाबलं. एक चौकट आली. हे जिथे होतं तिथे आता नाही, असं म्हणाली. मी पुन्हा दाबलं. मग जोरात दाबलं, जणू त्यानं ते परत येणार होतं.

तुमच्यातल्या जाणकारांच्या लक्षात आलंच असेल. मी प्रोग्राम उचललाच नव्हता, त्याच्याकडे जायची खूण उचलली होती. फाट्यावरची ‘कुरवंडे’ लिहिलेली पाटी उपटून घरी आणावी आणि गाव आणलं म्हणून सांगावं, तसं. सकाळी पाटी बघून गाव सापडलं, कारण गाव तेव्हा जागेवर होतं. नंतर त्यावर बुलडोझर फिरवून मी ते सपाट केलं होतं.

निखिलला फोन केला. तो म्हणाला, प्रोग्राम लगेच पाठवतो, त्यात काय. भरलेले आवाज तेवढे त्या फोल्डरमधून घाल. मी विचारलं, तुझ्याकडे नाहीत? नव्हते. पेशंटचा आवाज दुसऱ्यानं ठेवायचा नाही, असा तिथला नियम. त्यानं प्रामाणिकपणे पुसले होते. तो तरी प्रामाणिक होता. लोणावळ्याच्या बाजारात दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदारानं एवढंच विचारलं, कुठल्या मार्गानं पुसलं? मी सांगितलं. त्यानं कॉम्प्युटर माझ्याकडे परत सरकवला आणि माझ्यासाठी चहा मागवला.

घरी येऊन सांगितलं. आबांचं तोंड उघडलं, मानेच्या शिरा फुगल्या, हात वर झाला. घाटात गाडी आल्यावर व्हायचं तसं सगळंच्या सगळं झालं, फक्त आवाज नाही. ऑपरेशनमध्ये श्वासासाठी ठेवलेल्या गळ्याच्या भोकातून नुसतं फस्स. पण ओठांवरचा शब्द मी वाचला. तो वाचायला मला प्रोग्राम लागत नाही.

आई मात्र कॉम्प्युटरकडेच बघत होती. मग म्हणाली, “आन्‌ माझं? माझं बटन?”



त्यानंतर आबा पाटीवर लिहायला लागले. हाक मारायची तर ताटलीवर चमचा वाजवायचा. आई येऊन विचारायची, “काय पायजे?” कुणी एक शब्द तक्रारीचा काढला नाही, हे जास्त वाईट. सकाळी चहाच्या आधी मात्र आई सवयीनं दारात यायची. उभी राहायची. मग काहीतरी विसरल्यासारखं करून आत जायची.

निखिलनंच मार्ग काढला. आबांचा आवाज आणखी कुठे असेल? लग्नातले व्हिडिओ बघितले. त्यात आबा बोलतात आणि वर डीजे वाजतो. राहिला माझा फोन. मी पुण्याला कॉलेजात होतो तेव्हा आबा बोलून मेसेज पाठवायचे, त्यांना टाइप करणं जमायचं नाही. पुष्कळ सापडले. निखिल खूश झाला, आणि मग त्यानं विचारलं, यातले बहुतेक तू ऐकलेलेच नाहीस का रे?

नव्हते ऐकले. निम्मा मेसेज ‘ह्यालो, ह्यालो’ असायचा. एवढा वेळ कुणाला होता? मी कचरामुक्तीच्या क्रांतीच्या गडबडीत होतो.

निखिलनं त्या मेसेजांचे तुकडे करून चौकोनांत बसवले. आता मला सांगा, बाप आपल्या होस्टेलवरच्या पोराला जे पाठवतो, त्यात काय असणार? ‘गाढवा, फोन उचल!’ ‘फोन काय पूजेला घेतलाय?’ ‘जेवलास का?’ ‘कवा येनार हाईस?’ ‘आईला सांगू नको.’ एवढ्याच भांडवलावर आबांना संसार करायचाय. भूक लागली की ‘जेवलास का?’ पाहुणा समोर बसलेला असताना त्याला ‘कवा येनार हाईस?’ चहात जास्त साखर हवी असली की आईच्या तोंडासमोर ‘आईला सांगू नको’. ‘पानी’ नाही. ‘दुखतंय’ नाही. दुखायला लागलं की ते ‘गाढवा, फोन उचल!’ दाबतात, सारखं सारखं, आणि आम्ही दोघं धावतो.

राहिलं आईचं नाव. ते कुठल्याच मेसेजात नव्हतं. माझ्याशी बोलताना ते तिला ‘तुजी आई’च म्हणायचे. तरी आईनं चष्मा लावला, माझा फोन मांडीवर घेतला आणि दिवसभर एकेक मेसेज ऐकला. संध्याकाळी तिनं एक काढून माझ्यापुढे धरला.

“ह्यो माझा,” ती म्हणाली. “ह्यो माझ्या बटनावर घाल.”

मी तो तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मागे हॉर्नचे आवाज, कुणीतरी रिक्षावाल्याशी घासाघीस करतंय. तारीख बघितली; डॉक्टरांनी पहिल्यांदा गाठीचं सांगितलं त्या दिवशीचा तो होता. आबा हॉस्पिटलच्या बाहेरून मला फोन लावत असणार आणि मी उचलला नसणार. ‘ह्यालो’ नाही, दम भरणं नाही. हळू, अगदी बंद दाराआड माइकसमोर बोलले असतील तितकं हळू, “गाढवा, कुटं मेलास?” आणि मग नुसता रस्ता.

तेव्हापासून सकाळी चहाच्या आधी ती हाक येते आणि आई म्हणते, “आले.” पहिल्या दिवशी मीही उठून धावलो होतो. तिनं मला हातानं खाली बसवलं.

“बस तू. हळू म्हनत्यात त्यो गाढव मी. तुजा जोरातला हाय.”

तर मघाशी तुम्ही ऐकलात तो आईचा. घ्या आता चहा, गार झाला असेल.

ऐकलंत? भांडी हलली बघा. हा जोरातला. म्हणजे मी. आलो, आबा!