शिवारातला आडोसा

पुण्याजवळच्या एका छोट्या कंपनीत मी नोकरी करतो. लहान विमानांमधली इलेक्ट्रॉनिक यंत्रं विजेपासून वाचवायची, हे माझं काम. पूर्वी विमानाचं अंग ॲल्युमिनियमचं असायचं, पडलेली वीज पत्र्यावरून वाहत निघून जायची. आता बरीच लहान विमानं हलक्या फायबरची करतात. त्यातून वीज सहजासहजी वाहत नाही. आतल्या तारांमध्ये क्षणभर एवढा दाब चढतो, की उंची आणि दिशा दाखवणारे पडदे बंद पडू शकतात. म्हणून कवचात तांब्याची बारीक जाळी घालायची, तारांवर धातूचं वेष्टण चढवायचं, यंत्राच्या तोंडाशी जास्तीचा दाब बाहेर वळवणारा भाग बसवायचा.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, पालमकडच्या एका गावात दिलेली. स्वतःचं रान थोडंच, म्हणून ती नि दाजी गावातल्या मोठ्या मालकाच्या शेतात कामाला जायचे. फोनवर तिनं एकदा विचारलं, "तितं काय करायलास रे तू?"

"विमानाला विजेपासून वाचवायलो."

"आन् आमाला?"

मी तिला सांगितलं, ढग वाजायला लागले की झाडाखाली थांबू नको, मोकळ्यातही थांबू नको, पक्क्या घरात जा.

"शिवारात पक्कं घर हाय कुटं?" ती म्हणाली. "गावात जास्तोर समदं होऊन जातंय. झाडाखाली न्हाई, मोकळ्यात न्हाई, मंग उभं कुटं ऱ्हावं, तेवढं सांग."

मी विषय बदलला.

सोयाबीनच्या काढणीत अक्का गेली. दुपारी आभाळ भरून आलं तशा सगळ्या बाया बांधावरच्या बाभळीखाली गेल्या. वीज त्या बाभळीवर पडली. बाकीच्या भाजल्या, बहिऱ्या झाल्या, पण वाचल्या. अक्का खोडाला टेकून बसली होती. दवाखान्यात मी तिला पाहिलं तेव्हा मंगळसूत्राच्या जागी एक काळपट रेघ होती, बाकी अंगावर काही नव्हतं. झोपल्यासारखी दिसत होती.

तेरावं करून मी कामावर परतलो. त्याच आठवड्यात आमची मोठी चाचणी होती. पंखाच्या तुकड्यावर कृत्रिम वीज सोडली. आवाज झाला, उजेड झाला, आणि जोडलेला पडदा जसा चालू होता तसाच चालू राहिला. साहेब म्हणाले, "ओरखडासुद्धा नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या, पेढे आले. मी पेढा हातात घेऊन बाहेर गेलो आणि कुंडीत टाकून दिला. मला त्या सगळ्यांचा राग आला होता. त्यांचा काही दोष नव्हता, तरी आला होता.

मग मी ठरवलं, अक्का कामाला जायची त्या शिवारात एक खोली बांधायची. दाजींनी मालकाला विचारलं, त्यानं बांधाजवळचा कोपरा दिला. स्लॅबची पक्की खोली. सळया एकमेकींना नीट बांधून घेतल्या, वर वीजरोधक, तिथून खाली जमिनीत खोल उतरवलेली पट्टी. काम चालू असताना मी स्वतः उभा होतो. मालकानं नारळ फोडला. बायांनी आत बसून पाहिलं. एक म्हातारी म्हणाली, "अक्का असती तर पाय पसरून बसली असती." मला बरं वाटलं. ते मी नाकारत नाही.

वर्षश्राद्धाला गेलो तेव्हा आभाळ गडगडत होतं. मी शिवाराकडं गेलो. खोलीला कुलूप होतं. खिडकीतून आत खताची पोती दिसली, छताला भिडलेली. बाया दुसऱ्या बांधावर कडुलिंबाखाली उभ्या होत्या.

दाजींना घेऊन मी मालकाच्या घरी गेलो. त्यानं चहा मागवला.

"खत भिजायलं होतं," तो म्हणाला. "ऐनवेळी ठिवणार कुटं? आन् बायांचं काय, त्यांची पिढ्यान् पिढ्या सवयच हाय."

"खोली त्यांच्यासाठी बांधली होती."

"जागा माजी हाय. आन् तुमची खोली लय मजबूत हाय बगा, एक थेंब आत येत न्हाई."

मी किल्ली मागितली. त्यानं बाजूला उभ्या असलेल्या दाजींकडं पाहिलं. दाजी खाली बघत होते. परतताना ते म्हणाले, "जाऊ द्या. तुमी उद्या पुण्याला जाताल. आमाला त्याच्याच रानात जायचंय."

"दाजी, तुमची बायको अशाच झाडाखाली गेली."

"मला ठावं हाय," ते म्हणाले.

दगडानं कुलूप फोडावं असं रात्रभर वाटत होतं. फोडलं असतं तर दुसऱ्या दिवशी दाजींचं काम गेलं असतं, आणि संध्याकाळी नवं कुलूप लागलं असतं. सकाळच्या एसटीनं मी निघालो.

आमची जाळी आता विमानांवर चढते आहे. मालक खोलीला रंग देणार आहे, असं दाजी परवा फोनवर सांगत होते. बाया कुठं थांबतात, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.