फिनेल, स्पिरिट आणि आगटी

दवाखान्यातले किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. औषधांच्या रिकाम्या खोक्यांसारखे ते साठत जातात आणि एक दिवस कपाट उघडलं की अंगावर येतात. माझ्या कपाटातल्या किश्शांना तर वासही आहेत.

तमिळनाडूत डॉक्टरकी शिकून मी घाटनांदूरजवळच्या या वीस खाटांच्या दवाखान्यात आले, तेव्हा एकच ध्यास होता: पेशंट बरा होईपर्यंत इथं टिकला पाहिजे. लोक अर्ध्या उपचारातून उठून घरी जायचे. दोघं-तिघं म्हणाले, "वासानं जीव नको व्हतो." मला वाटलं, सापडला रोग! मी हुकूम काढला. उग्र फिनेल बंद, वॉर्डात डबे उघडणं बंद, आवारात चूल आणि धूर बंद.

वीस वर्षं इथं काढलेल्या सुनंदा सिस्टर एवढंच म्हणाल्या, "करा मॅडम. नवीन हायेत तुमी."

*

लादी पुसायला बिनवासाचं औषध मागवलं. पहिल्याच सकाळी एक बाई लेकराला कडेवर घेऊन दारापर्यंत आली, नाक वर करून दोनदा हुंगली आणि चक्क परत फिरली!

नामदेव मामा मागं धावले. मामा आमचे वॉर्डबॉय, वय वर्षं पंचावन्न. "काहून चालल्या, ताई?"

"बंद दिसतोय की दवाखाना. वासच येईना!"

दुपारी फिनेलचा कॅन पुन्हा बाहेर आला.

*

चौसाळ्याहून लेकीकडं आलेल्या एका आजोबांना ताप होता. मी गोळ्या लिहून दिल्या, तरी ते उठेनात.

"सुई?"

"गरज नाही, आजोबा."

"बरं." तरीही उठेनात. मग दंड पुढं करून म्हणाले, "सुई ऱ्हाऊ द्या. त्यो वासाचा कापूस तरी लावा!"

सिस्टरनी स्पिरिटचा बोळा दंडाला लावला. आजोबांनी तो काढून नाकाशी धरला, डोळे मिटले. "हां. आता उतरंल!"

ताप उतरला. गोळ्यांनी उतरला, असं मी अजूनही म्हणते.

*

सुनंदा सिस्टरचं नाक म्हणजे आमची लॅब. हर्नियाच्या ऑपरेशनला आलेला एक गडी शपथेवर सांगत होता, "रातच्यापसून पाण्याचा थेंब न्हाई."

"हात दाखव," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी बोटं हुंगली. "लसणाचा ठेचा. सकाळचाच हाय."

गडी चिडला. "ठेचा खाल्ला न्हाई, सिस्टर! नुसता भाकरीला लावला व्हता!"

ऑपरेशन पुढच्या आठवड्यावर गेलं.

*

इथं पेशंटला भेटायला माणूस येत नाही, टेम्पो येतो. एका काकूंच्या खाटेभोवती एकदा चौदा माणसं उभी राहिली. डिझेल, जर्दा, मोगऱ्याचं तेल, सगळे वास एकत्र. काकूंसाठी मोसंबीची पिशवी आणलेली. गप्पा रंगल्या, मोसंबी सोलली गेली आणि पाहुण्यांनीच संपवली.

काकू बघतच राहिल्या. तेव्हा त्यांच्या जाऊबाईंनी एक साल त्यांच्या हातात ठेवली. "तुमाला पथ्य असंल. तुमी वास घ्या!"

*

थंडीच्या दिवसांत खाट नंबर तीनवर भागवत आबा आले. नडगीवर कुऱ्हाड निसटलेली, जखम चिघळलेली. अजून आठ दिवस सलाईन आणि ड्रेसिंग हवं होतं. घरी गेले असते तर पाय गेला असता. आणि आबांनी अन्न सोडलेलं! चार दिवस भिंतीकडं तोंड करून पडलेले. डाळीचं पाणी दिलं तर "वास येतोय", दूध दिलं तर "वास येतोय". मी समजावलं, रागावले, हात जोडले.

पाचव्या दिवशी मुलगा जीप घेऊन आला. "न्हेतो मॅडम. काय व्हायचं ते आपल्या वावरात होऊ द्या."

मी अर्धा तास मागितला. खरं तर कशासाठी मागितला, तेही ठाऊक नव्हतं. व्हरांड्यात नामदेव मामा उभे होते, धोतराच्या सोग्यात ज्वारीची कोवळी कणसं.

"वारं त्यांच्या खिडकीकडं हाय," मामा म्हणाले. "पर धुराला बंदी हाय न्हवं? नियम तुमचा. मोडायचा बी तुमीच."

मी ॲप्रन काढून ठेवला. मागच्या अंगणात मामांनी खड्डा उकरला, गोवऱ्या पेटवल्या. सिस्टर आत जाऊन खिडकी उघडून आल्या. निखारे झाले तसे मामांनी माझ्या हातात कणसं दिली आणि मी ती आगटीत खुपसली. हुरड्याचा तो गोड, धुरकट वास उठला आणि वॉर्डाकडं निघाला.

पाच मिनिटं मी खिडकीकडंच बघत राहिले, कणसं आगटीतच. मग आतून, चार दिवसांत पहिल्यांदा, खणखणीत आवाज:

"कोण भाजतंय बे? करपलं की कणीस!"

पाठोपाठ आबाच, लेकाच्या खांद्यावर हात टाकून, लंगडत. मागं सलाईनची बाटली उंच धरून सिस्टर. आगटीजवळ पोत्यावर बसले, माझ्या हातातलं कणीस ओढून घेतलं, निखाऱ्यांवर फिरवलं, तळव्यावर चोळलं, फुंकर मारली आणि मूठ तोंडात टाकली. मग दुसरी. मग तिसरी.

मुलगा जीपची किल्ली हातात घेऊन उभा. "आबा, मग निघायचं का?"

आबांचं तोंड भरलेलं होतं. "तू जा. उद्या येताना वावरातली चांगली पेंढीभर कणसं आन. डाक्टरीणबाईला भाजाया येत न्हाई."