यिशायने विळखा सोडला

माझा भाचा यिशाय आवासकर जाळीच्या पिंजऱ्यात उतरून दुसऱ्या पैलवानांशी लढायचा. हे ऐकलं की लोक आधी विचारतात, लहानपणी फार भांडकुदळ होता का? नव्हता. इस्रायलमधल्या अश्केलोन शहरातल्या आमच्या बिल्डिंगीत त्याच्याइतका गप्प मुलगा दुसरा नव्हता. त्याचा बाप नेहेमिया माझा सख्खा भाऊ, केबलच्या कारखान्यात कामाला. आई रिव्का शाळेच्या स्वयंपाकघरात. मी वरच्या मजल्यावर एकटी राहायचे आणि कुपात होलीम या आरोग्य संस्थेच्या दवाखान्यात नर्स होते. आम्ही सगळे एकोणसत्तर साली मुंबईतल्या माझगावहून आलो. यिशायचा जन्म इथलाच. मराठी त्याला कळायची सगळी, पण उत्तर हिब्रूत.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक मिकलात आहे, म्हणजे बॉम्ब पडले तर लपायला जमिनीखाली बांधलेली सिमेंटची खोली. एरवी ती रिकामीच, म्हणून शमशोन नावाचे एक मास्तर तिथे गाद्या टाकून मुलांना ज्युदो शिकवायचे. अकरा वर्षांचा असताना यिशाय मित्रांच्या नादाने तिथे गेला. मित्र महिन्याभरात कंटाळले. हा मात्र सैन्यात जाईपर्यंत जात राहिला आणि सैन्यातून सुटून आल्यावर दुसऱ्याच दिवशी पुन्हा तिथे.

पोटासाठी तो एसी दुरुस्त करायचा. दिवसभर लोकांच्या गच्च्यांवर उन्हात, मग संध्याकाळी मिकलातमध्ये. दोन हजार एक साली शमशोन त्याला घेऊन नव्या खेळात उतरले. त्यात ठोसा, लाथ, कुस्ती, सगळं चालतं, आणि ज्याला सहन होत नाही त्याने समोरच्याच्या अंगावर हाताने थापटायचं. थापटलं की पंचाने लढत थांबवायची.

पहिल्या लढतीला मी गेले, कारण त्याच्या हातांना पट्ट्या बांधणारं कोणी नव्हतं. रिव्का म्हणाली, "मी येणार नाही. माझ्याच्याने बघवणार नाही." पट्ट्या बांधून झाल्या आणि यिशाय उठून भिंतीकडे गेला, बादलीत ओकला, तोंड धुतलं, परत येऊन बसला.

"कशाला करतोस रे हे?" मी विचारलं.

"भीती वाटते म्हणून ओकतो, आत्या. दर वेळी होणार हे."

"ते नाही. लढतोस कशाला?"

त्याने हातांवरच्या पट्ट्या ओढून घट्ट केल्या. मग म्हणाला, "तिकडे जो माणूस बसलाय ना, तो तीन महिने फक्त माझा विचार करतोय. मी डावीकडे कसा वळतो, दमलो की काय करतो. माझा इतका विचार आणखी कोण करतं? मग मीही जीव तोडून गेलं पाहिजे. नाहीतर त्याचा अपमान होतो."

"राग येत नाही?"

"राग आला की दम जातो," तो म्हणाला.

ती लढत तो जिंकला. पुढच्या तीन वर्षांत आणखी तीन जिंकला, एक हरला. ज्याच्याकडून हरला त्या माणसालाही त्याने फोन केला आणि माझा उजवा हात खाली पडत होता का, म्हणून विचारलं. त्या माणसाने अर्धा तास समजावून सांगितलं. मला याचं फार नवल वाटायचं.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात त्याची लढत वाळवंटातल्या मित्स्पे रामोन गावच्या ओमर नावाच्या मुलाशी ठरली. जिंकेल त्याला हॉलंडला लढायला नेणार होते. यिशाय तेव्हा सत्तावीस वर्षांचा. अशी संधी दुसऱ्यांदा येत नाही हे शमशोनही जाणून होते, तोही.

दुसऱ्या फेरीत यिशायने ओमरला खाली घेतलं आणि मागून त्याच्या मानेला हाताचा विळखा घातला. पिंजऱ्याच्या ज्या बाजूला मी उभी होते, त्याच बाजूला ते दोघे पडले होते. ओमरचा चेहरा लाल झाला आणि त्याने यिशायच्या दंडावर दोनदा थापटलं. मी स्वतः पाहिलं. पंच पलीकडे होता, त्याला ओमरची पाठ दिसत होती. यिशायने विळखा सोडला आणि उठायला लागला. पंचाने लढत थांबवली नाही. ओमरने एकदा पंचाकडे पाहिलं, एकदा यिशायकडे, आणि गुडघ्यावर उठून त्याच्या जबड्यावर ठोसा मारला. यिशाय पडला तो पडलाच.

शुद्धीवर आल्यावर त्याने पहिलं विचारलं, "त्याने थापटलं होतं ना?"

"दोनदा. मी आता जाऊन सांगते सगळ्यांना."

"नको, आत्या. बस."

शमशोन मात्र खवळले होते. "पंच अंगाला हात लावेपर्यंत सोडायचं नाही, हे मी तुला किती वर्षं शिकवलं?"

"माझ्या दंडावर त्याचा हात लागला," यिशाय म्हणाला. "त्याची मान माझ्याकडे होती. तो सोड म्हणाला, मी सोडलं."

घरी आलो तर रिव्काने मलिदा मांडला होता. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, पाच फळं. पोरगा धड घरी आला तर एलियाहू हन्नावी या आमच्या संदेष्ट्याच्या नावाने मलिदा करीन, असं ती दर वेळी बोलायची. यिशायने तोंड वेडंवाकडं करत म्हटलं, "इमा, मी हरलो." आईला तो हिब्रूत इमा म्हणायचा.

"मी जिंकायचं कुठे बोलले होते?" ती म्हणाली आणि ताट त्याच्या पुढे सरकवलं. त्याला चावता येत नव्हतं. पोहे दुधात कालवून तिने ते त्याला भरवले.

पण तो साधू नव्हता. ओमर हॉलंडला गेला तो महिना यिशाय मिकलातकडे फिरकला नाही. एके दिवशी माझ्या घरातला एसी साफ करताना माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "आणखी दोन सेकंद धरून ठेवायला हवं होतं." त्याने जाळी धुतली, बसवली, मशीन चालू करून पाहिलं. मग म्हणाला, "पण धरलं असतं तर मला आवडलं नसतं."

डिसेंबरात एका शुक्रवारी सकाळी ओमर आला. बेरशेवाला बस बदलून, एकटाच. यिशाय पुन्हा सरावाला जाऊ लागला होता. मी शमशोनच्या गुडघ्यासाठी मलम घेऊन गेले होते म्हणून मला हे बघायला मिळालं. गादीवर दहा-बारा मुलं होती. ओमर बूट काढून आत आला आणि उभ्यानेच बोलायला लागला.

"मी थापटलं होतं. दोनदा. पंचाने पाहिलं नाही, मी गप्प बसलो."

मुलांनी सराव थांबवला.

"हॉलंडला पहिल्याच मिनिटाला एकाचा हात माझ्या कचाट्यात आला. त्याने थापटलं. मला वाटलं, मी सोडलं तर हा माझ्यासारखंच करील. मी सोडला नाही. त्याचं कोपर मोडलं. मला आवाज ऐकू आला." त्याने खाली पाहिलं. "तेव्हापासून मला कोणाला धरताच येत नाही."

यिशाय त्याच्याकडे बघत होता. त्याला राग आला होता हे मला त्याच्या मानेवरून कळत होतं. मग तो म्हणाला, "आयोजकांना लिहून दे."

"कालच दिलं."

"ठीक आहे. इकडे ये, मला धर. मी थापटीन, तू सोड."

त्या सकाळी त्यांनी तेवढंच केलं. ओमर धरायचा, यिशाय थापटायचा, ओमर सोडायचा. शंभरेक वेळा तरी झालं असेल. मुलं कंटाळून घरी गेली. दुपारी यिशाय त्याला जेवायला घरी घेऊन आला. रिव्काला सगळं ठाऊक होतं. तरी तिने त्याला माशाचं कालवण वाढलं, आणि दुसऱ्यांदाही वाढलं.

निकाल काही बदलला नाही. आयोजकांनी पत्र ठेवून घेतलं, इतकंच. हॉलंडवाल्यांनी यिशायला नंतरही कधी बोलावलं नाही. पण ओमर दर महिन्याला येत राहिला. यिशायच्या पुढच्या चार लढतींत तो त्याच्या कोपऱ्यात पाण्याची बाटली घेऊन उभा असायचा. यिशाय म्हणायचा, माझा खेळ खरा सुधारला तो या माणसामुळे, कारण मला हरवायचं कसं हे त्याला सगळ्यांत जास्त माहीत होतं.

दोन हजार आठ साली डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे बघून पुरे म्हणून सांगितलं. एक शेवटची लढत आधीच ठरली होती, ती तो गुणांवर जिंकला. त्या दिवशी रिव्का पहिल्यांदा आली होती. तिने जवळजवळ सगळा वेळ डोळ्यांवर रुमाल धरला होता. शेवटी आयोजकांनी यिशायच्या हातात माईक दिला. तो गप्प माणूस त्या दिवशी पाच मिनिटं बोलला. ज्या दहा जणांशी तो लढला त्या सगळ्यांची नावं घेऊन त्याने आभार मानले, आधी हरवणाऱ्यांचे. मग शमशोनचे, ओमरचे, पट्ट्या बांधल्या म्हणून माझे.

गाडीत रिव्का रुसून बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "एवढ्या लोकांची नावं घेतलीस. माझं नाही घेतलंस."

यिशाय गाडी चालवत होता. त्याने मराठीत उत्तर दिलं, जे तो कधी द्यायचा नाही. शब्द शोधत शोधत म्हणाला, "आईला कोणी आभार म्हणतं का?"

रिव्काने मांडीवरचा डबा उघडला आणि सिग्नलला गाडी थांबली तेव्हा चपातीचा एक घास करून त्याच्या तोंडात घातला.