एडनच्या आखातात ऐकलेली आपली बोली

माझ्या आईएवढी श्रद्धा माझ्यात कधीच नव्हती. आम्ही चाकूरचे. आई माहूरच्या रेणुकामातेची भक्त, मी मालवाहू जहाजावर इंजिनिअर. नमस्कार करायचो, पण मनात शंका असायची.

त्या सकाळी एडनच्या आखातात छोट्या वेगवान होड्यांतून बंदूकधारी चाचे आमच्या जहाजावर चढले. कॅप्टननं मदतीचा संदेश धाडला, आम्ही इंजिन बंद केलं आणि सगळे खाली, आतून कड्या लागणाऱ्या पोलादी खोलीत शिरलो. दिवे गेले. हवा कोंदली. बाहेरून दारावर घण पडू लागले. मी जप करू पाहिला, पण ओठांवर शब्दच येईनात. शेवटी मनात एवढंच म्हणालो, "माये, आता तूच बघ." नवल असं, की त्यानंतर मी शेजारच्याला धीर देऊ लागलो.

पुढं वर गोळ्यांचे आवाज झाले, मग सारं शांत. कुणीतरी दार ठोठावलं आणि हिंदीत सांगितलं, आम्ही भारतीय नौदलाचे, दार उघडा. कॅप्टन तयार होईना. चाच्यांनीच असं फसवलं तर? इकडे आमचा एक सोबती गुदमरून आडवा झाला होता. मी दाराला कान लावला. बाहेरचा जवान वैतागून आमच्याकडच्या बोलीत म्हणाला, "लई भेलेत बिचारे. उघडूनच न्हाई राहिले!"

चाच्यांना ही बोली कुठून येणार? मी ओरडलो, "भाऊ, गाव कोणतं?"

बाहेरून आवाज आला, "धर्माबाद! तुमचं?"

"चाकूर!"

"मंग उघडा की, दादा. समद्या चोरट्यायला पकडलंय. भिऊ नगा."

मी कॅप्टनला म्हणालो, "सर, हा आमच्याकडचाच माणूस आहे." त्यानं माझ्याकडं एकवार पाहिलं आणि कड्या काढल्या.

नंतर कळलं, आमचा संदेश एका परदेशी नौदलाच्या गस्ती विमानानं ऐकून भारतीय युद्धनौकेला कळवला होता. कुठकुठल्या देशांची माणसं आमच्यासाठी धावली होती! त्या जवानाचं नाव विचारायचं राहूनच गेलं. त्यानं आमच्या गुदमरलेल्या सोबत्याला मोकळ्या हवेत नेलं, मला पाणी दिलं, खांद्यावर हात ठेवला आणि तो पुढच्या कामाला गेला.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. ती डोळे पुसत म्हणाली, "हाव, माहूरच्या मायनंच धाडला आसंल." मी वाद घातला नाही.

आता पुन्हा जहाजावर आहे. भीती अजून वाटते, पण ती एकट्यानं वाहायची नसते, हे कळलंय. आपल्या हातातलं काम नीट करावं, बाकीचं रेणुकामातेवर सोपवावं. सकाळी डेकवर आलो की हात आपोआप जोडले जातात. मागणं काहीच नसतं.