उन्हात वाळवलेले सेल

मला बघायला आलेली पहिली दोन मुलं मी गाणं ऐकवून पळवली. मी गायले नाही, टेप लावला. गायले असते तर ती आणखी लवकर उठली असती.

त्या काळात जगातली एकमेव समजदार मुलगी मीच होते. नांदेडला हॉस्टेलवर राहून बी.ए. केलं, उमरीला परत आले आणि येताना गावातल्या झाडून सगळ्यांची कीव करायचं काम सोबत घेऊन आले. त्या किवेचं मूळ होतं एक कॅसेट. नांदेडला एक चाचा कोऱ्या कॅसेटीत गाणी भरून द्यायचे. एकदा त्यांच्या दुकानात विलायती रेकॉर्ड लागली होती: कर्कश गिटारी, घण घातल्यासारखा ड्रम आणि घसा फाडून ओरडणारा एक माणूस. माझ्या दातांपर्यंत काहीतरी थरथरलं. मी म्हटलं, हेच भरून द्या.

"नक्को बेटी," चाचा कळवळून म्हणाले. "इसमें गाना नै, आटे की चक्की है."

मी ऐकते कशाला! शेवटी त्यांनी एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरा, असे दोन अख्खे आल्बम भरून दिले आणि वर उर्दूत नावं लिहिली. मला उर्दू येत नव्हतं. म्हणजे मी कुणाची भक्त होते ते मला आजतागायत माहीत नाही. भक्ती मात्र कडक होती.

टेप मामाने हैदराबादहून आणून दिला होता. ते वर्ष दुष्काळाचं होतं. पाणी टँकरने यायचं आणि लाईट मनात आलं तर. टेप चालायचा चार मोठ्या सेलांवर. सेल वाचावेत म्हणून मी कॅसेट पेन्सिलीने उलटी गुंडाळायचे आणि सेल उतरले की माळवदावर उन्हात वाळत घालायचे. एरवी तिथं मिरच्या आणि कुरडया असायच्या. त्या वर्षी वाळवायला दुसरं काही नव्हतंच, त्यामुळे माझे चार सेल ऐसपैस पसरत.

तर हे संगीत घरी फार संथ वाजायचं. गिटार जमिनीखालून दगड ओढत आणल्यासारखी यायची, गाणारा प्रत्येक शब्दावर बसून दम खायचा. दुकानात ते एवढं हळू वाटलं नव्हतं, पण मी निष्कर्ष काढला की चाचांचंच मशीन बिघडून जोरात पळतं. मग मी एका वहीत 'जडपणा' या विषयावर विचार लिहायला घेतले. होय, वहीत. हे कलाकार मुद्दाम थांबत थांबत वाजवतात, कारण दुःखाला घाई नसते, असं एक वाक्य त्यात आहे. खाली मी सहीसुद्धा केली आहे.

आई चुलीपाशी बसून म्हणायची, "गाणं लावून राहिलीस का म्हैस व्याली गं?"

मी तिचीही कीव करायचे.

एक मात्र खरं. त्या उन्हाळ्यात विहीर रिकामी, आभाळ रिकामं, माणसं बोलायचीसुद्धा मोजून. भरलेलं असं काही कानावर पडायचं तर ते तेवढंच. पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत एक बाजू ऐकली की पोटभर जेवल्यासारखं वाटायचं. माझ्या सगळ्या मूर्खपणात एवढी गोष्ट मी अजूनही खोडलेली नाही.

तिसरं स्थळ आलं लातूरचं. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि तिथल्या कचेरीतला कारकूनही आमच्या गावात कलेक्टर वाटत होता. हा मुलगा टँकरच्या कामावर होता. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आदल्या दिवशी बजावलं, "हा तिसरा हाय. ह्यालाबी पळवलंस तर टेप मामाकडं परत. समजलं?"

समजलं. लग्नाचं मला काही नव्हतं, टेप मात्र द्यायचा नव्हता. मी टेप उतरंडीमागे ठेवला आणि शहाण्यासारखी चहा घेऊन बाहेर गेले.

मुलाच्या मावशीने विचारलं, "गाणं येतं का बाई?"

"म्हणता येत नाही. ऐकवू का?"

तोंडातून गेलं. दादांनी डोळे मिटले. आता माघार घेईल ती मी कसली! टेप आणला, लावला. दगड ओढले जाऊ लागले. मावशीने पदर कानाशी नेला. मुलगा मान वाकडी करून ऐकत राहिला आणि थोड्या वेळाने म्हणाला, "सेल उतरलेत हो तुमचे."

"ते गाणंच तसं आहे," मी म्हटलं. वहीतलं वाक्य जिभेवर आलंच होतं.

त्याने पिशवी पुढे ओढली. दुष्काळी कामावरचा माणूस, रानात टँकर शोधत फिरणारा. पिशवीत लांबलचक बॅटरी होती. तिच्यातले चार सेल काढून त्याने टेपात घातले. दावं तुटल्यावर वासरू उधळावं तसं गाणं उधळलं. गाणारा चक्क पळत होता! दुःखाला भलतीच घाई होती. माझी वही, माझी सही, माझी गावभराची कीव, सगळं त्या खोलीत चहाच्या कपांमध्ये पडलं. मावशी हसली. दादा हसले. आई तर दाराआड हसून हसून खाली बसली.

तो हसला नाही. "तुम्हाला कोणतं आवडतं?"

खोटं बोलायला आता उरलंच काय होतं? "हळूवालं."

त्याने आपले सेल काढले, माझे मेलेले परत घातले आणि गुडघ्यांवर हात ठेवून ऐकू लागला. तिसऱ्या गाण्यात टेप कण्हला आणि बंद पडला. मी सुटकेचा श्वास घेतला. आता उठतील.

"वाळत घाला की," तो म्हणाला. "ऊन लई हाय. ही बाजू तरी होऊ द्या."

"अरे, एस.टी. जाईल!" मावशी ओरडली.

"जाऊ द्या. संध्याकाळची हाय."

मी माळवदावर गेले, सेल मांडले आणि बराच वेळ तिथंच उभी राहिले. पायांना चटके बसत होते, पण खाली जायची लाज वाटत होती. खालून त्याचा आवाज आला, "पलटले का? एकाच बाजूनं तापवू नका."

मी ते पलटले.

टेप मामाकडे परत गेला नाही. तो लातूरला गेला, माझ्या मांडीवर.