लढाई थांबू नये म्हणून

लढाई वाईट, असं आता सगळेच म्हणतात. म्हणोत बापडे. मी ज्या गावात सून म्हणून गेले त्या गावाला लढाई लाभली होती, आणि ती संपेल या धास्तीनं माणसांचा घास अडकलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे.

गाव कवठे महांकाळच्या कोरड्या अंगाला. बाजरी पिकली तर पिकली. घरोघर घोंगड्यांचे माग होते, पण गिरणीची ब्लँकेटं आल्यापासून ते धूळ खात पडलेले. आमचे हे त्याच दिवसांत पोटासाठी पलटणीत गेले. पुढं लढाई पेटली आणि सांगलीचा एक व्यापारी त्याच पलटणींसाठी घोंगड्या मागायला आला. बघता बघता सगळे माग सुरू झाले. घोंगड्यांना लावायच्या चिंचोक्याच्या खळीचा आंबूस वास गावभर बसला, आणि पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत मागांची धपधप. बायकांच्या अंगावर नवी लुगडी आली.

कृष्णाकाठची पोरं तेव्हा सरकारच्या तारा तोडत होती. त्यांच्या मागं ऊस होता, गूळ होता. त्यातले दोघं जण आमच्याकडं आले, ही लढाई आपली नाही असं सांगायला. आमच्या शहाण्यांनी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही, वेशीवरूनच वाटेला लावलं.

ह्यांना ब्रह्मदेशात नेल्याचं कळलं होतं. त्यानंतर खबर नाही. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणत असे, दिवसभर लोकर कातायच्या आणि रोज जेवायला बसताना लेकाचंही ताट मांडायच्या. मी ते पाहून चोरून रडून घ्यायची.

मग बाजारातून बातमी आली की जर्मन पडला, आता जपानही पडणार. त्या आठवड्याला व्यापाऱ्याची गाडी आली नाही. गावाचं धाबं दणाणलं. पंचांनी ठरवलं, देवीला कौल लावायचा.

तिथली रीत अशी की गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवणार. उजवी पडली, तर देवीनं मानलं. पण गावाचं मागणं मागायचं ते, ज्याला त्याची सगळ्यांत जास्त झळ बसणार, त्याच्याच तोंडून. दुसऱ्याचं देवी ऐकत नाही म्हणे. लढाईवर माणूस असलेलं घर गावात एकच होतं. सगळं गाव आमच्या दारात येऊन बसलं.

कुणी दरडावलं नाही, उलट फार गोड बोलत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला वाटलं, आत्याबाई आता एकेकाची खरडपट्टी काढतील. त्यांनी सासऱ्यांकडं पाहिलं. सासरे मागाच्या खड्ड्यात बसले होते, त्यांनी मान वर केली नाही. आत्याबाई उठल्या आणि अंघोळीला गेल्या.

मंगळवारी भर दुपारी देवळात गेलो. माग बंद होते. इतक्या शांततेची सवय राहिली नव्हती. आत्याबाई देवीसमोर उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आई, लढाई चालू ऱ्हाऊ दे. आमचं माग थांबवू नगंस."

वारा नव्हता. एरवी कौलाला लोक तासन्‌तास ताटकळत बसत. त्या दिवशी शब्द संपायला आणि उजवी कळी पडायला एकच गाठ पडली. गुरवसुद्धा दचकून मागं सरला. लोकांनी भंडारा उधळला. आत्याबाई त्या कळीकडं बघतच राहिल्या.

घरी आल्यावर त्यांनी लेकाचं ताट उचललं आणि फळीवर पालथं घातलं. मी भांडले, नाही नाही ते बोलले. त्या लोकर कातायला बसल्या. त्या दिवसापासून त्यांनी माझ्या कपाळाकडं पाहायचं सोडून दिलं. आठवड्यानं व्यापाऱ्याची गाडी पुन्हा आली, आणि देवी पावली असं गाव म्हणू लागलं.

पुढं जपानही पडला. हाती घेतलेल्या घोंगड्या पुऱ्या करायचं काम तेवढं चालू होतं. एका दुपारी मी भाकरी थापत होते. वेशीकडचा एक माग बंद पडला. मग त्याच्या अलीकडचा. मग त्याच्याही अलीकडचा. एकेक घर गप्प होत ती शांतता आमच्या दिशेनं चालत येत होती. माझे हात पिठातच राहिले.

दारात हे उभे! वाळून काटकी झालेले, पण धडधाकट. म्हणाले, गावाला झालंय काय, लोक दारात येऊन बघतात आणि रामराम घेत नाहीत. मला हसू की रडू कळेना. भाकरतुकडा ओवाळायला मी धावले.

आत्याबाई उठल्या नाहीत. त्यांनी आधी ह्यांच्या पायांकडं पाहिलं, मग जमिनीवर पडलेल्या सावलीकडं. हे पाया पडायला वाकले, तसे त्यांनी पाय आखडून घेतले.

"आये, मी हाय," हे म्हणाले.

आत्याबाईंनी फळीवरच्या पालथ्या ताटाकडं पाहिलं.

"तू कसा आलास रं?" त्या म्हणाल्या. "मी तुला मागितलंच न्हवतं."